आधी मिनिटं बघा

मंडळी, मला इथे बोलावताना संयोजक म्हणाले, अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर काहीही बोला. काहीही म्हणजे फारच झालं. म्हणून मी एकच कॉलेज घेतो, तिथली चार-पाच मुलं घेतो, आणि ती एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर त्यांचं काय झालं ते सांगतो. कॉलेजचं नाव विलानोव्हा. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, उपनगरात असलेलं, 1842 साली ऑगस्टिनियन पाद्र्यांनी काढलेलं विद्यापीठ.

कॉलेजच्या टीमचं इतकं काय कौतुक, असं इथे कोणाला वाटेल. आपल्याकडेही सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळतानाच गाजला होता, आणि तिथून 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेला. पण त्यानंतर तो विद्यापीठाचा राहिला नाही, मुंबईचा झाला, मग सगळ्या देशाचा झाला. अमेरिकेत तसं होत नाही. पोरगा कितीही मोठा झाला, दहा टीम बदलून आला, तरी ज्या कॉलेजातून गेला तिथली माणसं रोज सकाळी उठून त्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येकाच्या आकड्यांचा तक्ता, बघतात. आपला पोरगा काल कसा खेळला?

मी तिथे शिकलेलो नाही. पण मीही बघतो. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो, त्यामुळे चहा आणि पहिला क्वार्टर एकदमच होतात.

आता गोष्ट. 2 एप्रिल 2018, सॅन अँटोनिओ. कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, विलानोव्हा विरुद्ध मिशिगन. विलानोव्हाचा जेलन ब्रन्सन त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्या रात्री तो फाउलमध्ये, म्हणजे नियमभंगांच्या मोजणीत अडकला आणि त्याने फक्त 9 गुण केले. बेंचवरून आला डॉन्टे डिव्हिन्चेन्झो, आणि त्याने 31 गुण ठोकले. मिकाल ब्रिजेसने 19. सामना 79-62.

दोन-अडीच महिन्यांनी ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीमनी आळीपाळीने नवी मुलं उचलायची, दोन फेऱ्यांत साठ नावं. ब्रिजेस दहावा गेला, डिव्हिन्चेन्झो सतरावा, ओमारी स्पेलमन तिसावा. आणि देशातला सर्वोत्तम म्हणून नुकतेच सत्कार झालेला ब्रन्सन तेहेतिसावा, दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीतल्या मुलाला कराराची हमी असते, दुसरीतल्याला नसते. एकाच टीमची चार मुलं, आणि त्यांत कॅप्टन सगळ्यात शेवटी!

का? उंची सहा फूट दोन इंच, उडी साधारण, आणि तीन वर्षं कॉलेजात काढलेली, म्हणजे वयाने मोठा. एनबीएला एकोणीस वर्षांचा पोरगा आवडतो, कारण त्याच्याबद्दल काहीही स्वप्न बघता येतं. एकविशीतल्या मुलाचं खरं काय ते दिसलेलं असतं, आणि दिसलेल्या गोष्टीला बाजारात भाव कमी. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

कारण ब्रन्सनचं जे दिसत होतं तेच पुढे कामाला आलं. त्याचे पाय बघा. तो ड्रिबल करत आत घुसतो आणि दोन्ही पायांवर एकदम थांबतो. अंगावर येणारा उंच खेळाडू त्याच्या पुढे निघून जातो किंवा हवेत उडतो. ब्रन्सन तिथेच एक पाय रोवून वळतो, खांद्याने हूल देतो, पुन्हा उलटा वळतो, आणि समोरचा खाली येत असताना शांतपणे चेंडू टाकतो. उडी लागतच नाही. दोन पायांवर थांबणं ही विलानोव्हाची शाळा. तिथले कोच जे राईट प्रत्येक मुलाकडून, तो बुटका गार्ड असो की उंच सेंटर, हे घोटून घेत. ते 2022 च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. त्याच महिन्यात ब्रन्सनच्या टीमचा, म्हणजे डॅलसचा, मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच दुखापतीने बाहेर असताना ब्रन्सनने प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, एका सामन्यात यूटाविरुद्ध 41 गुण केले, आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने त्याला चार वर्षांसाठी 10 कोटी 40 लाख डॉलर देऊन नेलं. तेव्हाही बरेच जण म्हणाले, जास्त दिले.

इथवर गुणांच्या गोष्टी झाल्या, आणि इथेच कॉलेजप्रेमी फसतो. तो बॉक्स स्कोअर उघडतो आणि पहिलं गुण बघतो. माझं म्हणणं, पहिला रकाना मिनिटांचा बघा. कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा, एनबीएचा अठ्ठेचाळीस. कॉलेजात वर्षाला पस्तीस-चाळीस सामने, इथे 82. तिथे चेंडू टाकायला तीस सेकंद, इथे चोवीस. थ्री-पॉइंटची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून चेंडू घातला की तीन गुण मिळतात ती, या मुलांच्या वेळी इथे आणखी तीन फूट मागे होती. आणि मुख्य म्हणजे कॉलेजात जो राजा होता त्याच्या हातात इथे चेंडूच येत नाही, कारण इथे सगळेच कुठले ना कुठले राजे. मग गुण कशाचे बघणार? कोच त्याला किती वेळ मैदानावर ठेवतो, आणि त्यातही शेवटची पाच मिनिटं ठेवतो का, यात सगळं आलं.

जॉश हार्ट घ्या. 2016 च्या विजेत्या विलानोव्हा टीममधला. 2017 साली तिसावा निवडला गेला, त्याच रात्री यूटाने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन टाकलं, पुढे न्यू ऑर्लिन्स, पोर्टलंड, आणि 2023 च्या फेब्रुवारीत निक्स. त्याच्यासाठी कोणी डाव आखत नाही. समोरची टीम त्याला थ्री-पॉइंट रेषेवर मोकळा सोडते, टाक बाबा म्हणते. पण 2024-25 मध्ये सरासरी मिनिटांत अख्ख्या लीगमध्ये पहिला कोण? हार्ट, सामन्याला 37.6 मिनिटं. गुण 13.6, पण रिबाऊंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडणं, 9.6, तेही सहा फूट चार-पाच इंचांच्या माणसाचे. त्याच सीझनमध्ये त्याने नऊ ट्रिपल-डबल केले, म्हणजे एकाच सामन्यात तीन रकान्यांत दोन आकडी संख्या, आणि वॉल्ट फ्रेझरचा निक्सचा जुना विक्रम मोडला. फ्रेझर म्हणजे निक्सच्या दोन्ही विजेतेपदांतला माणूस, त्याचा विक्रम कोणाच्या हातून मोडला बघा.

एक प्रसंग जरा जवळून सांगतो. 2 मे 2024, फिलाडेल्फिया, प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला फिलाडेल्फियाविरुद्धचा सहावा सामना. निक्सकडे ब्रन्सन, हार्ट आणि डिव्हिन्चेन्झो, तिघेही विलानोव्हाचे. मैदान तेच, जिथे विलानोव्हा आपले काही घरचे सामने खेळते. म्हणजे ही पोरं कॉलेजात असताना इथले प्रेक्षक त्यांच्या बाजूने ओरडायचे, आणि आज तेच गाव त्यांच्या नावाने शिव्या घालतंय. ब्रन्सन त्या मालिकेत सामन्याला 35 च्या वर गुण करत होता, चौथ्या सामन्यात 47 करून निक्सचा प्लेऑफमधला विक्रम त्याने मोडला होता. साहजिकच शेवटच्या मिनिटाला सगळे त्याच्यावर धावले. बरोबरी होती. चेंडू मोकळ्या हार्टकडे आला. ज्याला मोकळं सोडायचं ठरलेलं होतं त्यानेच 25 सेकंद उरले असताना थ्री-पॉइंटर घातला. 118-115, मालिका संपली. ब्रन्सनचे 41 गुण ठळक छापले गेले, ते बरोबरच. पण हार्ट त्या क्षणी मैदानावर होता, ही कोचची निवड होती.

आता मिनिटांचं दुसरं टोक. 2024 च्या उन्हाळ्यात निक्सने ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या तब्बल पाच निवडी देऊन ब्रिजेसला आणलं. विलानोव्हाचे चौघं एकत्र खेळणार म्हणून लोक खूश. सीझन सुरू व्हायच्या तोंडावर निक्सने कार्ल-अँथनी टाउन्सला आणण्यासाठी डिव्हिन्चेन्झोलाच मिनेसोटाला धाडलं! आदल्याच वर्षी 283 थ्री-पॉइंटर मारून त्याने निक्सचा विक्रम केला होता. धंदा आहे, कॉलेजचं स्नेहसंमेलन नव्हे.

ब्रिजेसची गंमत अशी की हा माणूस सामना चुकवतच नाही. 2022-23 मध्ये मध्येच टीम बदलल्यामुळे तो 82 सामन्यांच्या लीगमध्ये 83 सामने खेळला. 2025 च्या एप्रिलमध्ये निकालाला काही किंमत नसलेल्या शेवटच्या सामन्यात तो काही सेकंदांसाठी उतरला, फाउल केला आणि बाहेर गेला. हजेरी लागली! त्यामुळे नुसते सामने मोजाल तर फसाल. त्याच सीझनमध्ये त्याने उघडपणे सांगितलं की मुख्य पाच जणांना फार वेळ खेळवलं जातं, याबद्दल मी कोचशी बोललो आहे. कोच टॉम थिबोडो म्हणाले, असं काही बोलणं झालेलंच नाही. थिबोडो खेळाडूंना दमेपर्यंत खेळवण्याबद्दल प्रसिद्धच. म्हणजे मिनिटं विश्वास दाखवतात हे खरं, पण कोच कोण आहे तेही बघावं लागतं. पुढे प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्ध पहिल्या दोन्ही सामन्यांत निक्स वीस गुणांनी मागे पडून जिंकले, आणि दोन्हींच्या शेवटी चेंडू हिसकावणारा ब्रिजेसच. पहिल्यात जेलन ब्राऊनच्या हातून, दुसऱ्यात जेसन टेटमच्या. निक्स 2000 नंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले, इंडियानाकडून सहा सामन्यांत हरले, आणि काही दिवसांतच थिबोडोंची नोकरी गेली.

जे मागे राहिले त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. 2016 चा अंतिम सामना आठवत असेल, नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध. 74-74, पावणेपाच सेकंद शिल्लक. रायन आर्चिडियाकोनो चेंडू घेऊन धावला, मागून येणाऱ्या क्रिस जेन्किन्सला पास दिला, आणि भोंगा वाजताना जेन्किन्सचा थ्री-पॉइंटर आत. कॉलेजच्या इतिहासात यापेक्षा मोठा शॉट क्वचितच सापडेल. तो जेन्किन्स एनबीएत एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टमध्ये त्याचं नावच आलं नाही. 2018 च्या टीममधला एरिक पास्कल एनबीएतल्या पहिल्याच वर्षी नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत आला, आणि तीन सीझनमध्ये लीगबाहेर गेला. स्पेलमन कोरियात जाऊन खेळला. उलट डिव्हिन्चेन्झो 2016 मध्ये पाय मोडल्यामुळे सामन्यांतून बाहेर होता. उपांत्य सामन्याआधीच्या सरावात तो ओक्लाहोमाच्या बडी हील्डची नक्कल करायचा, म्हणजे बाकीच्यांना हील्डला अडवायचा सराव व्हावा. विलानोव्हाने तो सामना 44 गुणांनी जिंकला. त्या दिवशी त्याच्या नावावर शून्य मिनिटं होती. सांगायचं काय, मिनिटांचा रकानाही सगळं सांगत नाही.

शेवटी एका श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यांचं म्हणणं, आता कॉलेजची मुलंही पैसे घेतात, दरवर्षी कॉलेज बदलतात, मग हा नाद चालणार किती दिवस? प्रश्न रास्त आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, त्याच वर्षापासून एक वर्ष घरी न बसता कॉलेज बदलता येतं, आणि 2025 पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. ब्रन्सन तीन वर्षं एका कोचच्या हाताखाली राहिला, ब्रिजेस आणि हार्ट चार-चार वर्षं राहिले. तसे आता कमी सापडतील. डाल्टन नेक्ट आधी एका ज्युनिअर कॉलेजात, मग नॉर्दर्न कोलोरॅडोत, मग एकच वर्ष टेनेसीत खेळला आणि 2024 मध्ये लेकर्सनी त्याला सतरावा उचलला. टीव्हीवर त्याच्या नावापुढे टेनेसी लिहून येतं. ज्युनिअर कॉलेजच्या गावातले लोक ते वाचून काय म्हणत असतील, ते त्यांनाच विचारा. त्याचा बॉक्स स्कोअर मात्र तेही उघडत असणार.