कळप कोण ठरवतं?

[दृश्य: आग्वाद किल्ल्याखालचा समुद्र, सकाळ. पर्यटकांच्या होड्या.]

"डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत!" गोव्यात अशी हमी देणाऱ्या होड्या बऱ्याच आहेत. पैसे परत द्यायची वेळ क्वचितच येते, कारण इथला कुबडधारी डॉल्फिन खोल समुद्राच्या वाटेला फारसा जातच नाही. मांडवी-झुआरीच्या मुखाशी, उथळ, गढूळ पाण्यात त्याचं बस्तान.

तो बघा! आधी लांब चोच. मग पाठीवरचं कुबड, त्यावर छोटासा तिकोनी पर. पाठीची कमान झाली, गेला खाली.

"किती आहेत हो?" होडीतला ठरलेला प्रश्न. तांडेल सांगेल तो आकडा तासाभरात खोटा ठरू शकतो. डॉल्फिन जमतात, फुटतात, दुसऱ्याच गटाला जाऊन मिळतात. आई आणि पिल्लू तेवढी बराच काळ एकत्र. बाकी कोणी कोणासोबत राहायचं, यात मासळीचा शब्द मोठा. स्कॉटलंडच्या मोरे फर्थ खाडीत डॉल्फिनची जात वेगळी, पण तिथेही सामन मासा मुबलक असला की गट मोठे होतात. टंचाईत पांगलेलं बरं, वाटेकरी कमी.

माणसाची मासेमारीही यात लुडबुड करते. ऑस्ट्रेलियाच्या मोरेटन उपसागरात ट्रॉलरमागे फिरणाऱ्या डॉल्फिनचा गोट वेगळा होता, ट्रॉलरकडे न फिरकणाऱ्यांचा वेगळा. एकाच पाण्यात राहून दोघांचं जाणं-येणं जेमतेम. पुढे ट्रॉलर कमी झाले, तसे हे दोन गोट एकमेकांत मिसळले.

[आवाज: पाण्याखालच्या शिट्ट्या. त्यावर इंजिनाची घरघर.]

गढूळ पाण्यात नजर चालत नाही, आवाज चालतो. त्याच मोरेटनमध्ये आपल्या डॉल्फिनच्या भाऊबंदांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. होडी जवळून गेली की पिल्लं असलेल्या गटांत शिट्ट्या वाढत. चुकामूक झालेल्यांची हाकाहाकच म्हणा ना!

आता आग्वादखाली एका कळपाभोवती चार-पाच होड्या घोंगावतात, तेव्हा पाण्याखाली काय चालत असेल? फोटो मिळतो, मान्य. पण लांब थांबून इंजिन बंद ठेवणाऱ्या तांडेलाच्या होडीत मी दोन पैसे जास्त देऊन बसेन.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ट्रॉलर धक्क्याला, पर्यटकांच्या फेऱ्याही थंडावलेल्या. या दिवसांत डॉल्फिन कसे वागतात ते पाहायला हवं खरं, पण तेव्हाच दर्या इतका खवळलेला असतो की आमचीही होडी काठावरच.