स्वच्छ घरातली झुरळे

श्रोतेहो, नमस्कार.

ओटा लख्ख असतो, फरशी रोज फिनाइलने पुसलेली असते, रात्री खरकटे भांडे राहत नाही, आणि तरीही पाणी प्यायला उठून दिवा लावला की झुरळ पळते, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून ऐकू येते. तक्रार करणाऱ्या गृहिणीच्या स्वरात त्रासापेक्षा संकोच अधिक असतो. तो संकोच आधी बाजूला ठेवावा. (बाजारातून खोकी घरात आणणाऱ्या पुरुषांना असा संकोच वाटल्याचे मी कधी पाहिले नाही, आणि झुरळांची अंडी पुष्कळदा त्या खोक्यांच्या घड्यांतूनच येतात.) झुरळाला लागते ती ऊब, ओल आणि अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी फट. ऊब, ओल आणि फट: या तिन्ही गोष्टी झाडूपोछा करताना दिसत नाहीत.

स्वयंपाकघरात ठाण मांडणारे झुरळ बहुधा जर्मन झुरळ असते. ते फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीचे असून त्याच्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतात. एका कोशात ३० ते ४० अंडी असतात आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात येईपर्यंत मादी तो कोश अंगालाच चिकटवून हिंडते. अन्नावाचून हे झुरळ महिनाभर तग धरते, पाण्यावाचून मात्र साधारण दोन आठवडेच. बेळगावात राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी येते, पण ज्या गल्लीत ते चोवीस तास येत नाही तेथे पिंपे आणि घागरी भरून ठेवाव्याच लागतात, त्यामुळे ओल ही ठरलेलीच.

बेळगावच्या शहापुरातल्या एका काकूंची हकीकत आता सांगतो. जुने कौलारू घर, शेजाऱ्यांशी सामाईक भिंत, आणि स्वच्छता अशी की डबे उतरवून त्यांखालचे वर्तमानपत्रसुद्धा दर शनिवारी बदललेले. त्यांनी फवारणीवाल्याला बोलावले. आठवडाभर शांतता राहिली आणि मग झुरळे ओट्यावरून थेट देवघरात पोहोचली. गणपती तोंडावर आले होते, नणंद मुक्कामाला यायची होती. काकूंनी मला रस्त्यातच गाठले आणि म्हणाल्या, “काय वो सर, कॉलेजात पोरांना झुरळं फाडून दाखवत होता न्हवं? मग आमच्या घरातली का जात न्हाईत, तेवढं सांगा की.” जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाला याहून सरळ प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही स्वयंपाकघरातला दिवा मालवला, आरासाच्या सामानातला तांबडा जिलेटिन कागद बॅटरीच्या काचेवर गुंडाळला आणि दोन स्टुलांवर बसून राहिलो. झुरळाला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, म्हणून ते त्या उजेडात बिनधास्त फिरते. काकूंची नजर सवयीने मोरीकडे आणि फरशीकडे लागलेली होती. खाली काहीच हलेना. मग भिंतीवर, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पाठीमागून, आधी दोन मिशा बाहेर आल्या, पाठोपाठ झुरळ आले, त्याच्यामागून आणखी तीन-चार आली आणि ओळीने नळीवरून खाली उतरू लागली. ते यंत्र त्यांच्या पुण्याच्या मुलाने मोठ्या हौसेने बसवून दिलेले होते.

सकाळी प्लग काढून त्याचे झाकण उघडले. वीज घेणाऱ्या डबीभोवती मिरीच्या भरडीसारखी काळी विष्ठा पसरलेली, कोपऱ्यात तपकिरी रिकामे कोश अडकलेले, आणि नळीच्या जोडातून पाण्याचा थेंब हळूहळू फुगत होता. ऊब, ओल आणि फट एकाच खोक्यात. काकू क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे मी खाली फरशी पुसत बसले, आणि ही वर तीर्थ पीत बसली होती.”

नळी भिंतीतून ज्या भोकातून जात होती ते पलीकडे शेजारच्या कानडी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात उघडत होते. काकू कुंद्याची वाटी घेऊन तिकडे गेल्या, तेव्हा कळले की झुरळे या काकूंकडून येतात अशी त्या घराची पक्की समजूत होती. दोन्ही घरांनी एकाच दिवशी औषध लावले, भोक सिमेंटने बुजवले, जोड घट्ट करून घेतला. नणंद आली, राहिली आणि गेली. झुरळांचा विषय निघाला नाही.

औषध म्हणजे फवारा नव्हे, जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेले जेल फटींच्या तोंडाशी, बिजागरीजवळ, फ्रीजच्या मोटारीशेजारी मसुराएवढ्या ठिपक्यांनी लावावे. ते खाऊन झुरळ बिळात जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा व कलेवर खाणारी इतर झुरळेही मरतात. जेल लावले तेथे फवारा मारू नये. पुन्हा सांगतो, जेल आणि फवारा एकत्र नको, कारण फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलकडे फिरकत नाहीत, उलट नव्या खोल्या शोधतात. जेलला तोंडच लावत नसतील तर दुसऱ्या प्रकारचे घ्यावे; काही जर्मन झुरळांना आमिषाच्या गोडीसाठी घातलेले ग्लुकोज कडू लागते, हे नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले आहे. बोरिक पावडर वापरायची तर दिसेल न दिसेल अशी पातळ पसरावी, ढीग केला तर झुरळे त्याला वळसा घालून जातात. मुले आणि मांजर पोहोचतील तेथे ती मुळीच नको.

हल्ली भिंतभर बंद कपाटांचे जे स्वयंपाकघर करून घेतात, ते मला मनापासून आवडत नाही. उघड्या मांडणीवर निदान मागची भिंत दिसत असे. कपाटे असतीलच तर सिंकखालचा खण रात्री कोरडा करून उघडा ठेवावा.

पावसाळ्यात न्हाणीत दिसणारी मोठी तांबूस झुरळे वेगळी, ती गटारातून वर येतात आणि त्यांना जेलपेक्षा बारीक जाळीच अधिक अडवते. वापरात नसलेल्या न्हाणीच्या मोरीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे, म्हणजे खालच्या वाकड्या नळीतले पाणी आटून वाट मोकळी होत नाही.