डांफेचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो. धान कापून झालं असेल, चूल पेटली असेल. तेवढ्या वेळात पोस्टाच्या तिकिटांवरच्या पक्ष्यांबद्दल बोलू या.

२०१७ साली आपल्या टपाल खात्यानं आणि पापुआ न्यू गिनी या देशानं मिळून तिकिटं काढली. एकावर आपला मोर, दुसऱ्यावर त्यांचा बर्ड ऑफ पॅराडाइज. नागझिऱ्यात दिसतो तो स्वर्गीय नर्तक वेगळा बरं का. हा तांबड्या-नारिंगी पिसांचा, त्यांच्या झेंड्यावरही हाच आहे. दोन देश मिळून काढतात म्हणून याला संयुक्त तिकीट म्हणतात. दोन देश, दोन पक्षी, दोस्ती एक. एवढं ध्यानात ठेवा, कारण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती पुढची.

१९७५ साल. मी सहावीत, आमचं गाव साकोलीकडचं. त्या वर्षी पोस्टानं चार पक्ष्यांची तिकिटं काढली होती: नवरंग, काळ्या डोक्याचा हळद्या, आणि हिमालयातले दोन रंगीत पक्षी, ट्रॅगोपॅन आणि मोनाल. नवरंग पंचवीस पैशांचा, मोनाल दोन रुपयांचा. मामानं नागपूरहून चारही आणून दिली.

गावातल्या धानाच्या गिरणीवर एक नेपाळी गुरखा होता. आम्ही पोरं त्याला काका म्हणायचो. मी वही घेऊन गेलो ते त्याला नवरंग दाखवायला. आषाढात तो आमच्या बोडीच्या काठी यायचा ना, म्हणून त्याचं मला भारी अप्रूप. काकांनी नवरंगावरून बोट पुढं सरकवलं आणि मोनालवर थांबवलं. म्हणाले, "नौरंगी तो ये है, बाबू. ये हमारा डांफे!"

आपला मोनाल तोच नेपाळचा डांफे, त्यांचा राष्ट्रीय पक्षी. हिमालय दोघांचा, पक्षीही दोघांचा. त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी वही मागायचे. तिकिटाला हात लावायचे नाहीत, नुसते बघायचे.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी दिवाणजीकडून आईला पत्र लिहवून घेतलं. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं. मी घरी आलो, वहीतून मोनाल काढला आणि पाकिटावर लावून दिला. एवढ्या मोठ्या तिकिटाची गरजच नव्हती. बाबा भडकले. "दोन रुपये का झाडाले लागते? कायले लावलं बे?" आई काही बोलली नाही. तिनं मला जेवायला वाढलं.

माघात उत्तर आलं. काकांच्या आईनं ते पाकीट देवाजवळ ठेवलं होतं. आणि विचारलं होतं: तिथं एवढं ऊन, मग डांफे तिथं राहतो कसा? त्याला सोसते का?

काका बराच वेळ पत्र हातात घेऊन बसले. मग मला म्हणाले, "क्या लिखें, बाबू?" मी म्हटलं, इथं मोर आहेत असं लिहा. त्या संध्याकाळी त्यांनी गिरणीमागं उतरणारे मोर मोजले आणि दिवाणजीकडून लिहवून घेतलं, इथं सात मोर आहेत, मी बरा आहे.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा आग्रह मात्र माळढोकासाठी होता, आणि मी आजही त्यांच्याच बाजूचा आहे. आपल्या वरोऱ्याकडं माळढोक होते हो! १९८० साली त्याचं तिकीटही निघालं. पण माळरान दिसलं की लोक त्याला पडीक म्हणतात, नांगर घालतात नाहीतर झाडं लावतात. माळ म्हणजे पडीक नव्हे. पुन्हा सांगतो, माळ म्हणजे पडीक नव्हे. तिथलं गवत हेच त्या पक्ष्याचं घर.

असो. युरोपातले देश दर वर्षी एक विषय ठरवून तिकिटं काढतात. २०१९ चा विषय होता राष्ट्रीय पक्षी. त्यात एस्टोनियाची माळभिंगरी होती. थंडीत आपल्या विजेच्या तारांवर रांगेनं बसते, तीच जात. उद्या सकाळी वावरात जाताना तारांकडं जरा बघा.

माझ्या जुन्या वहीत त्या चारातली तीनच तिकिटं आहेत. मोनाल नंतर पुष्कळदा मिळत होता, मी घेतला नाही. ती जागा तशीच आहे.

नमस्कार.