कामाला लागलेली फुलं

श्रोतेहो, नमस्कार.

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही फूल काढायला सांगा. मधे एक गोल, भोवती पाच पाकळ्या, देठाला दोन पानं! संकल्पचित्राच्या पेपरात याच फुलानं आपल्याला मार्क मिळवून दिलेत. कोल्हापुरी साजातलं कमळ घ्या, नाहीतर लुगड्याच्या काठावरची वेल. फूल म्हणजे नक्षी, हे आपल्या डोळ्यांत पक्कं बसलंय. आजचे बरेच कलावंत मात्र फुलाला सजावटीतून काढून कामाला लावतात.

अमेरिकेच्या अँडी वॉरहॉलनं १९६४ साली फुलांची चित्रं केली. फुलं जास्वंदीची, पण बागेतली नव्हेत. फोटोग्राफीच्या एका मासिकात छापलेला फोटो त्यानं उचलला, कातरला आणि स्क्रीन प्रिंटिंगनं प्रतींवर प्रती काढल्या. आपल्याकडं लग्नपत्रिका छापायचे, तीच पद्धत. फोटो होता पॅट्रिशिया कॉलफील्ड या बाईंचा. त्यांनी कोर्टात दावा लावला, शेवटी तडजोड झाली. गणपतीला वाहतो त्या जास्वंदीवरून कोर्टकचेरी!

जपानच्या ताकाशी मुराकामीची हसरी फुलं तुम्ही टी-शर्टवर पाहिली असतील. मला ती फार वेळ बघवत नाहीत, इतकी गोड हसतात. पण हा माणूस कितीतरी वर्षं कलामहाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये पोरांना फुलं काढायला शिकवत होता, हे कळलं की त्या हसण्याचा थोडा उलगडा होतो.

मला खरं बोलायचंय ते जरबेराबद्दल. मार्केटातलं जरबेराचं बंडल जवळून बघा. फुलाला प्लॅस्टिकची टोपी, मान पडू नये म्हणून देठाला सरबताची नळी. हा सगळा खटाटोप लग्नाच्या स्टेजवर ते रात्रभर ताठ राहावं म्हणून. अन्या गॅलॅशियो या ब्रिटिश कलावतीनं १९९१ मध्ये हेच फूल घेतलं. लालभडक जरबेरा ओळीनं मांडले, वरून काच दाबली आणि सोडून दिले. पहिल्या दिवशी भिंतभर लाल गालिचा. मग पाकळ्या तपकिरी पडतात, बुरशी धरते, काही फुलं निसटून खाली येतात, वासही सुटतो. आपल्या फुलवाल्याचा जो तोटा, तेच तिथं प्रदर्शन. हे चित्र घरात लावायला कुणी नेणार नाही, पण मला ते वॉरहॉलपेक्षा जास्त पटतं.

स्पेनमध्ये बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासमोर जेफ कून्सचं कुत्र्याचं पिल्लू बसलंय. उंची बारा मीटरच्या वर, अंगावर केसांऐवजी जिवंत फुलझाडं, सुमारे ३८ हजार! पाण्याच्या नळ्या पोटातून फिरवलेल्या. वर्षातून दोनदा सगळी झाडं काढून हंगामाप्रमाणं नवी लावतात. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळी पूजा बांधणाऱ्यांना यातलं काही नवल वाटायचं नाही.

आणि चीनच्या आय वेइवेइची गोष्ट. सरकारनं त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवला. २०१३ च्या नोव्हेंबरपासून त्यानं बीजिंगमधल्या आपल्या स्टुडिओच्या दारात, सायकलच्या बास्केटात रोज ताजी फुलं ठेवायला सुरुवात केली. घोषणा नाही, फलक नाही. फुलं ठेवली म्हणून अटक तरी कशी करणार? जुलै २०१५ मध्ये पासपोर्ट हातात पडला, तेव्हाच तो थांबला.

आपल्या दसरा चौकात, शाहू स्मारकच्या कलादालनात, कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन लागत असतं. जाता-येता चक्कर टाका. फुलांचं चित्र दिसलं आणि चित्रकार तिथंच खुर्ची टाकून बसलेला असला, तर ‘भारी काढलंय’ म्हणून पुढं सरकू नका. ‘हेच फूल का घेतलंसा?’ एवढं विचारा. तो आधी चहा सांगेल.