‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय?

(नाशिकच्या गोदाघाटावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिना आहे, घाटाच्या पायऱ्या अजून गरम आहेत, तरी तुम्ही एवढ्या संख्येने येऊन बसलात. त्यामुळे प्रास्ताविकात वेळ घालवत नाही, थेट विषयाला हात घालते.

‘तुमचं रक्त कमी आहे’ असं डॉक्टरांनी कधी ना कधी कुणाकुणाला सांगितलंय? हात वर करा बरं. बघा, बायकांच्या बाजूला जवळजवळ सगळेच हात वर आहेत, पुरुषांकडे दोन-चार. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तोच आकडा इथे घाटावर दिसतोय. हात तसेच ठेवा. आता ज्यांना ‘का कमी आहे’ हेही सांगितलं गेलं, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

उरले पाच-सहा. आज जे बोलायचंय ते या खाली आलेल्या हातांबद्दल.

पस्तीस वर्षं मी रक्त तपासलं. रिपोर्ट हातात पडला की लोक पहिली ओळ वाचतात, हिमोग्लोबिन. नऊ म्हटलं की चेहरा उतरतो, बारा म्हटलं की पेढे. आणि घरी जाताना टॉनिकची बाटली. ताप आला म्हणून नुसता थर्मामीटर बघून कुणी औषध घेत नाही, ताप कशाचा ते आधी विचारतो. हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. प्रौढ पुरुषात तेराच्या खाली, स्त्रीत बाराच्या खाली, गरोदरपणात अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचं, एवढंच ती ओळ सांगते. रोगाचं नाव त्या ओळीत नसतं.

मग ते कुठे असतं? एका थेंबात. तो थेंब आम्ही कसा बघतो ते सांगते. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा बारीक थेंब ठेवायचा. दुसरी काचपट्टी तिरकी धरून त्याला टेकवायची. थेंब तिच्या कडेने आपसूक पसरतो. मग हात न थरथरता, न थांबता, एका दमात पुढे सरकवायची. जिभेच्या आकाराचा पातळ थर उमटतो. थांबलात की पट्टा पडला, जोर दिला की पेशी चिरडल्या. नवीन मुलींना हे शिकवताना मी महिना-महिना नुसत्या काचा ओढायला लावायचे. थर सुकला की रंग द्यायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा.

खाली दिसतात त्या तांबड्या पेशी. गुलाबी, गोल, मधोमध जरा फिक्या. प्रत्येकीचा व्यास साधारण साडेसात मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर सव्वाशेच्या वर बसतील. तिच्यात केंद्रक नाही, ते तिने जन्मतानाच टाकून दिलेलं असतं, कारण सगळी जागा हिमोग्लोबिनला हवी असते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. प्राणवायू बसतो तो त्या लोहावर. ही पेशी १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून अंग दुमडून असंख्य वेळा जाते. म्हातारी झाली की प्लीहा तिला पकडते, मोडते आणि लोह परत कामाला लावते. मरणाऱ्यांची जागा भरायला अस्थिमज्जा सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी घडवते. मी हे वाक्य संपवेपर्यंत तुमच्या प्रत्येकाच्या हाडांत कोटभर पेशी तयार झाल्या असतील. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

आता हा कारखाना कमी का पडतो? एक तर कच्चा माल नाही, किंवा माल गळतोय, किंवा बनलेली पेशीच सदोष आहे. काचेखाली या गोष्टी वेगवेगळ्या दिसतात.

लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. मधला फिकेपणा वाढत वाढत नुसती बांगडीसारखी कड उरते. रिपोर्टमध्ये याचा आकडा असतो. हिमोग्लोबिनच्या खाली काही ओळी सोडून ‘एमसीव्ही’ असं लिहिलेलं असतं. हा पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० मध्ये असला तर ठीक. रिपोर्ट घेतलात की ही ओळ शोधा आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

लोहाचा हिशेब मोठा काटकसरीचा आहे. अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह, एका बारक्या खिळ्याएवढं. रोज जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर जातं आणि तेवढंच अन्नातून शोषलं जातं. पण एक मिलिलिटर रक्त गेलं की साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. पाळीत ३०-४० मिलिलिटर जाणं नेहमीचं आहे, म्हणजे दर महिन्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम जास्तीचे. गरोदरपणाला एकूण हजार मिलिग्रॅमच्या घरात लोह लागतं. आता घरात सगळ्यांची पानं झाल्यावर भांड्यात उरलेल्या आमटीवर जेवणारी आणि लगेच चहा घेणारी बाई हा हिशेब कसा जुळवणार? चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात, आतड्याला घेऊ देत नाहीत. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवा. भाजीवर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. हळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका.

आणि डाळिंब, बीट! देवळा-सटाण्याकडची डाळिंबवाली मंडळी समोर बसलेली आहेत, त्यांनी रागावू नये. डाळिंब गुणी फळ आहे, जरूर खा. पण शंभर ग्रॅम डाळिंबात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बिटाचंही तेच. त्यांचा लाल रंग रंगद्रव्याचा आहे, त्याचा रक्ताशी संबंध नाही. हिमोग्लोबिन आठ असलेल्या मुलीला तीन महिने बिटाचा रस पाजून माझ्याकडे आणलेलं मी पाहिलंय. आकडा तसूभर हलला नव्हता. तिला लोहाच्या गोळ्या हव्या होत्या. सोबत चहा-दूध नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. आकडा वर आल्यावरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, कारण तोवर कोठार रिकामंच असतं.

आता गळतीबद्दल. हे सांगणं मला जड जातं.

माझे काका पिंपळगावला राहायचे, द्राक्षबाग होती. बासष्टाव्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. बागेत दोन ओळी फिरले की बसायचे. त्यांचं रक्त मीच तपासलं. हिमोग्लोबिन ८.२, एमसीव्ही ६८. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘वयोमानाने होतं’ म्हणून ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. आकडा थोडा चढला, पुन्हा उतरला. दीड वर्ष हे चाललं. पुरुषाला पाळी नाही, बाळंतपण नाही. दोन वेळ नीट जेवणाऱ्या साठीच्या माणसाच्या पेशी इतक्या लहान झाल्या, तर रक्त कुठून तरी झिरपतंय, बहुतेक वेळा पोटातून. हे मला ठाऊक होतं. पण उपचार डॉक्टरांचे, आपण लॅबवाले, मध्ये कशाला बोला, असं म्हणून मी गप्प राहिले. शेवटी शौचाची तपासणी झाली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. दुर्बिणीने बघितलं, तर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ. शस्त्रक्रिया झाली, काका पुढे चार वर्षं जगले. दीड वर्ष आधी कळलं असतं तर? हा प्रश्न काकूने मला कधीच विचारला नाही. मी मात्र तो रोज स्वतःला विचारते, आणि म्हणूनच आज इथे उभी आहे. पन्नाशीपुढच्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी आलं, तर गळती शोधल्याशिवाय टॉनिक घेऊ नका. मूळव्याध असेल, सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात झालेला व्रण असेल, गाठही असेल.

शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत आणखी एक गळती असते, अंकुशकृमी. दूषित मातीतल्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. त्यावर जंताची गोळी आहे, आणि चप्पल आहे.

आता याच्या उलट चित्र. रक्त कमी, पण पेशी मोठ्या. ही गोष्ट मुंबईतच उलगडली. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी व्हायचं आणि काचेखाली पेशी फुगलेल्या दिसायच्या. विल्सबाईंनी त्या काय खातात ते तपासलं, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत तो असतो. परळ-लालबागच्या चाळी आपण किती गोष्टींसाठी आठवतो, यासाठीही आठवायला हव्यात.

मोठ्या पेशींचं दुसरं कारण बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. दूधही बेताचंच घेणाऱ्या शाकाहारी घरांत ते हमखास कमी आढळतं. पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. इथे एक धोका नीट ऐका. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल दिलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. पहिल्या ओळीवर विसंबलं की असं होतं.

शेवटी सदोष पेशी. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा-पेठकडे, मी तपासणी शिबिरांना जायचे. एकदा सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. थंडी सुरू झाली की पोराचे हातपाय असे दुखतात की रात्रभर रडतं, डोळे पिवळे. दोन वर्षं लोहाचं औषध चालू होतं. डिसेंबरात निफाडला पारा उतरला की बागाईतदार द्राक्षांसाठी रात्री शेकोट्या पेटवतात. तीच थंडी या पोराच्या हाडांत शिरत होती.

त्याचा थेंब काचेवर घेतला, त्यात रक्तातला प्राणवायू शोषून घेणाऱ्या द्रावणाचा थेंब मिसळला, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलीनने बंद केल्या आणि वाट बघितली. थोड्या वेळाने गोल पेशी ताणल्या, वाकल्या, टोकदार झाल्या. आईला म्हटलं, या, तुम्हीच बघा. तिने डोळा लावला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, हे तर इळ्यासारखं दिसतंय.”

सिकल म्हणजे विळाच. ‘सिकलसेल’ हा शब्द तिने आधी ऐकला होता, पण त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. तो तिने स्वतः बघून ओळखला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदललं की प्राणवायू सोडताना रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीचा विळा होतो. असे विळे बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि कळा येतात. १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. अशा मुलाच्या अंगात लोह सहसा कमी नसतंच. तपासल्याशिवाय ते देत राहायचं नाही.

मी तिला सांगितलं, हे तुमच्या हातून काही चुकलं म्हणून झालेलं नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन सदोष जनुक आले की आजार होतो. एकच आला तर माणूस वाहक, स्वतः धडधाकट. अशा वाहकाला हिवताप जिवावर बेतण्याची भीती कमी असते, म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची. म्हणून लग्नाआधी तपासा.

पुढच्या शिबिराला ती नवऱ्याला आणि थोरल्या मुलीला घेऊन आली. दोघंही वाहक निघाले. मुलाला तज्ज्ञांकडे पाठवलं, कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या. शरीरातलं पाणी कमी झालं की कळा वाढतात, हेही तिला सांगितलं होतं. त्या दिवशी पोराच्या खांद्याला पाण्याची बाटली लटकत होती आणि अंगात दोन स्वेटर होते. माझ्याशी बोलताना मध्येच थांबून तिने बाटलीचं झाकण काढलं आणि त्याच्यापुढे धरली.