बोलेरोतलं 'तू'

मित्रहो, पत्रिकेवर 'लॅटिन अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांतलं प्रेम' असा विषय छापलाय. तो तर समुद्र आहे. मी त्यातला एकच शब्द घेऊन आलोय, 'तू'.

क्यूबातल्या सान्तियागो शहरात 1880च्या दशकात पेपे सांचेस या शिंपीकाम करणाऱ्या गवयाने बोलेरोचा, म्हणजे संथ लयीतल्या प्रेमगीतांच्या प्रकाराचा, पाया घातला, हे तुम्हा मंडळींना माहीत आहे. पुढे बोलेरो मेक्सिकोत गेला आणि रेडिओने तो घरोघरी नेला. तिथेच 1940च्या सुमारास कोन्सुएलो वेलास्केस या तरुण पियानोवादक मुलीने 'बेसामे मूचो' लिहिलं, शब्दशः 'माझं खूप चुंबन घे'. आता याचं मराठी काय करायचं? 'चुंबन' म्हटलं की पुस्तक उघडल्यासारखं वाटतं आणि 'मुका' म्हटलं की बाळाचा गाल आठवतो! गाणं लिहिलं तेव्हा आपलं कुणी चुंबन घेतलेलंच नव्हतं, असं तिने पुढे सांगितलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिच्यासमोर कुणी ठरावीक माणूस नव्हता, म्हणून त्या 'तू'मध्ये कुणीही मावतं. अख्ख्या गाण्यात बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष, ऐकणारी कोण, हे सांगणारा एकही शब्द नाही. स्पॅनिश क्रियापद लिंग सांगत नाही. आपलं मात्र 'येतो', 'येते' म्हणताक्षणी चेहरा दाखवून मोकळं होतं.

म्हणून मी हट्टाने या गाण्याचा मराठी अनुवाद केला. तीन आठवडे घालवले. 'मी घाबरतो' नको, 'मला भीती वाटते' चालेल. 'मी दूर गेलेला असेन' नको, नुसतं 'दूर असेन' चालेल. आपल्या भाषेतही अशा फटी आहेत, शोधाव्या लागतात. 'तू जवळ हवास' की 'हवीस' इथे चार दिवस अडलो. शेवटी 'जवळ ये, तुझ्या डोळ्यांत मला पाहू दे' असं केलं. एका संस्थेच्या कार्यक्रमात ते गाणं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. गायकाने सुरुवात छान केली आणि त्या ओळीवर येऊन 'तू जवळ हवीस गं' म्हणाला! मध्यंतरात संयोजकांना गाठलं, तर म्हणाले, "अहो, पुरुष गातोय, कुणासाठी गातोय ते लोकांना कळायला नको का?" नको! नेमकं तेच कळायला नको! सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने आपापलं माणूस तिथे बसवायचं असतं. त्या एका 'गं'ने अर्ध्या सभागृहाच्या तोंडावर दार लावलं. याला बारा वर्षं झाली, अजून मनातून जात नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. खरा मुद्दा अल्बमचा होता, तो भरभर सांगतो. 1991मध्ये मेक्सिकन गायक लुईस मिगेलने 'रोमान्से' हा अल्बम काढला. जुने बोलेरो, सोबतीला संगीतकार आर्मान्दो मान्सानेरो. आजीआजोबांची गाणी नातवंडांच्या तोंडी आली. माझ्या मते ती टिकली त्या 'तू'मुळेच. त्याला वय नाही. 'ते किएरो' म्हणजे 'तू हवंस' आणि 'प्रेम आहे' दोन्ही; हवेपण आणि प्रेम एकाच क्रियापदात.

माझ्या मुद्द्याविरुद्ध जाणारं एक उदाहरण त्याच अल्बममध्ये आहे, ते लपवणार नाही. क्यूबन गीतकार सेसार पोर्तिय्यो दे ला लूसचं 'कोन्तिगो एन ला दिस्तान्सिया'. त्यात शेवटी 'अमादा मिया', माझी प्रिया, असं येतं. बायका गातात तेव्हा त्याचं 'अमादो मिओ' होतं. पण बघा, बाकी सगळं गाणं जसंच्या तसं राहतं. तेवढा एक शब्द बदलताना गायिकेचा श्वास कसा थांबतो, ते ऐका. आधी पुरुषाचा आवाज, मग बाईचा. लावा हो.