सातवं पत्र

(दृश्य: अंधारी खोली. उशाशेजारी ठेवलेला मोबाइल थरथरतो. पडद्यावर अनोळखी नंबर.)

अनोळखी नंबर. एरवी आपण उचलत नाही. पण घरातलं माणूस तुरुंगात असेल तर उचलावाच लागतो. आंघोळीला जाताना फोन बरोबर न्यायचा, झोपताना उशाशी ठेवायचा. कारण हा फोन चुकला तर उलट लावता येत नाही. आतून बाहेर फोन येतो, बाहेरून आत जात नाही.

उचलल्यावर आधी एक रेकॉर्ड केलेला आवाज. हा फोन कारागृहातून आहे, बोलणं ऐकलं जाऊ शकतं, स्वीकारायचा असेल तर अमुक आकडा दाबा. मग थोडी खरखर. आणि मग त्याचा आवाज.

(दृश्य: बंद फाटक. भेटीच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्या.)

मार्च २०२०. कोरोनाची साथ. जगभरातल्या तुरुंगांनी एकामागून एक भेटी बंद केल्या. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांनी १३ मार्चला, इंग्लंडमधल्या तुरुंगांनी २४ मार्चला. कारण उघड होतं. दाटीवाटीच्या बराकी, कोंदट हवा, अंतर ठेवायचं तर जागाच नाही. अशा ठिकाणी विषाणू शिरला की त्याला आवरणार कोण? बंदी चूक होती, असं म्हणवत नाही. फक्त, रोज घरी जाऊन परत येणारे पहारेकरीही बाहेरचेच होते, हे घरच्यांच्या लगेच ध्यानात आलं.

इटलीत ही बातमी आत पोचली आणि अनेक तुरुंगांत दंगे उसळले. त्या दिवसांत १३ कैदी दगावले. आजाराची भीती, गर्दी, जुना राग, सगळंच त्यात होतं. पण ठिणगी पडली ती भेटी थांबल्याची. पुढे तिथल्याच तुरुंगांत व्हिडिओ कॉलसाठी मोबाइल आले. जे आधी अशक्य म्हणून सांगितलं जायचं, ते काही आठवड्यांत जमलं.

(दृश्य: काचेच्या दोन बाजूंना टेकलेले दोन तळवे.)

भेटीत बोलणं थोडं असतं, पाहणं जास्त. गाल बसलेत का? हाताला खरचटलंय का? शर्ट सैल झालाय का? ‘मी बरा आहे’ हे फोनवरही ऐकू येतं. ते खरं की खोटं, हे कळायला चेहरा लागतो. महामारीने घरच्यांकडून नेमकं तेच काढून घेतलं.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम नव्याने मंजूर केले. त्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलंय. त्यातला ५८वा नियम सांगतो की कैद्याला कुटुंबाशी आणि मित्रांशी ठरावीक काळाने संपर्क ठेवता आला पाहिजे, पत्राने, फोनसारख्या साधनांनी आणि प्रत्यक्ष भेटीनेही. मंडेलांचं नाव इथे शोभेपुरतं नाही. रॉबेन बेटावर सुरुवातीला त्यांना सहा महिन्यांत एक भेट मिळायची आणि एक पत्र. पत्रात ५०० शब्द.

(दृश्य: भिंतीवरचा फोन. रिसीव्हरवर चढवलेला मोजा.)

भेटींच्या बदल्यात बहुतेक ठिकाणी फोनची मुभा वाढली. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत महिन्याला ३०० मिनिटं मिळायची, ती ५०० झाली, आणि त्या एप्रिलपासून फुकटही झाली. छान. पण रिसीव्हर एकच आणि त्याला तोंड लावणारे कितीतरी. काही जण रिसीव्हरवर मोजा चढवून बोलायचे. इंग्लंडमध्ये कित्येक कैदी दिवसाचे जवळपास तेवीस तास कोठडीत होते. जिथे कोठडीत फोन नव्हता, तिथे त्या उरलेल्या वेळात आंघोळ, मोकळी हवा आणि फोन, सगळं बसवायचं.

पैशांचं दुखणं तर महामारीच्या आधीचं. वॉशिंग्टनच्या मार्था राइट या आजीने नातवाशी बोलण्याचा खर्च परवडेना म्हणून २०००मध्ये दावा लावला. त्या २०१५मध्ये गेल्या. त्यांच्या नावाचा कायदा झाला तो जानेवारी २०२३मध्ये. फोनच्या दराला तेवीस वर्षं!

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. काही क्षण नुसती टिकटिक.)

सगळ्यात अवघड असतं ते फोन न येणं. तो रागावला? फोन बंद पडलाय? की ताप आला म्हणून त्याला वेगळं ठेवलंय? घरी बसून काहीच कळत नाही. तुरुंगात फोन करून विचारलं तर आजाराची माहिती सहसा कुणाला देत नाहीत, ती खासगी असते. म्हणून शहाणपण आधीच दाखवावं लागतं. माझी तब्येत अमक्या माणसाला कळवा, असं त्याने लेखी देऊन ठेवायचं. घरच्यांपैकी एकानेच चौकशी करायची आणि बाकीच्यांना सांगायचं. दहा जणांनी दहा फोन केले की उत्तर कुणालाच धड मिळत नाही. आणि आलेल्या फोनवर खटल्याबद्दल अवाक्षर नाही. ते वकिलाशी बोलायचं.

(दृश्य: व्हिडिओ कॉल. मुलगी वाकून पडद्याजवळ येते. चित्र थांबतं.)

व्हिडिओने एक वेगळंच दिलं. कित्येकांना वर्षांनंतर आपलं घर दिसलं. तोच दरवाजा, तीच खिडकी, पलंगाची बदललेली जागा. पण इंग्लंडमधल्या यंत्रणेत चेहरा चौकटीबाहेर गेला की चित्र थांबायचं. चार वर्षांच्या मुलीला कोण सांगणार हलू नकोस म्हणून? ती बापाकडे बघतही नाही धड, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःलाच वेडावून दाखवते. तो मात्र तिच्याकडे बघत राहतो.

(दृश्य: एक बाई लिहितेय. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आकडा.)

एवढं सगळं असूनही, माझ्या मते टिकाऊ पत्रच. फोन ठेवला की संपला. पत्र रात्री परत काढून वाचता येतं. ही आई प्रत्येक पत्रावर तारीख आणि आकडा घालते. पत्रं आत तपासली जातात, रेंगाळतात, कधी हरवतात. आकडा असला की कोणतं पोचलं नाही ते कळतं. काय लिहायचं, हा प्रश्न तिला पहिल्या पत्रालाच पडला होता. मोठं काही घडतच नव्हतं, सगळं जगच घरात बसलेलं. मग तिने बारीकसारीक लिहायला घेतलं. नळ कसा गळतोय. समोरच्या गच्चीवर कोण येऊन उभं राहतं. पत्रं लांबत गेली.

(दृश्य: तीच खोली. मोबाइल थरथरतो. ती आकडा दाबते.)

‘सहावं मिळालं. आठवं पण मिळालं. सातवं नाही आलं गं.’

‘येईल.’

‘काय होतं त्यात?’

‘काही नाही रे. खिडकीतल्या रोपाला कळी आलीय, तेवढंच.’

मधेच रेकॉर्ड केलेला आवाज. एक मिनिट शिल्लक.

‘कुठल्या रंगाची?’

‘अजून उमलली कुठेय!’